घरच्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी? सांगलीच्या घराचा हिशेब धरून

विश्रामबागेत आमच्या गल्लीत वालचंद कॉलेजची बरीच पोरं भाड्यानं राहतात. दोन-तीन महिन्यांनी त्यातला एखादा दारात येतो आणि विचारतो, "काका, जुना पीसी मिळालाय, त्याचा सर्व्हर करायचाय. कोणती ओएस टाकू?" मी त्याला आत बसवतो आणि उलट विचारतो, "तू कॉलेजात असताना दुपारी लाइट गेली आणि दोन तासांनी आली, तर ते मशीन आपलं आपण उठेल का? आणि उद्या त्यातली डिस्क मेली, तर सगळं परत उभं करायला तुला किती वेळ लागेल?"

या दोन प्रश्नांची उत्तरं हातात असली की ऑपरेटिंग सिस्टीम निवडणं सोपं जातं. कोणत्या सिस्टीमचा पडदा देखणा, कोणती किती हजार मशीन चालवू शकते, हे घराला लागत नाही. घरात सिस्टीम सांभाळणारा माणूस एकच असतो, आणि तो बहुतेक वेळा घराबाहेर असतो.

माझ्याकडे एका लहान मशीनवर चार व्हर्च्युअल मशीन चालतात. एकात विंडोज आणि भावाच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीची टॅली. दुसऱ्यात घरातले फोटो. तिसऱ्यात होम असिस्टंट हे सेन्सर आणि उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यात तासगावच्या मेव्हण्याच्या द्राक्षबागेतलं तापमान आणि हवेतली आर्द्रता नोंदली जाते. चौथं लिनक्स, प्रयोगासाठी. ते मोडलं तरी कुणाचं काही अडत नाही. पुढचं सगळं या अनुभवातून लिहितो आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, थोडक्यात

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. मालक एक, बिऱ्हाडं चार. प्रत्येक बिऱ्हाडाला आपलं दार, आपली चूल, आपलं कुलूप. मालक जागा आणि पाणी वाटून देतो, एकाच्या घरातला गोंधळ दुसऱ्याच्या घरात जाऊ देत नाही. हे बिऱ्हाड म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सोयीसाठी व्हीएम म्हणू. वाटप करणारा मालक म्हणजे हायपरव्हायजर. आपण जी ऑपरेटिंग सिस्टीम निवडणार आहोत ती या मालकाची.

कंटेनर हा शब्दही लवकरच कानावर येईल. कंटेनर म्हणजे एकत्र कुटुंबातली खोली: दार वेगळं, पण स्वयंपाकघर सामाईक. ते स्वयंपाकघर म्हणजे लिनक्सचा कर्नल, सिस्टीमचा गाभा. म्हणून कंटेनर हलके असतात, पण लिनक्सच्या कंटेनरमध्ये विंडोज चालत नाही. त्याला पूर्ण व्हीएमच लागतं.

आधी कागद, मग पेन ड्राइव्ह

काय काय चालवायचं आहे ते कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे रॅमचा आकडा मांडा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण टॅली आणि एक्सेल एकदम उघडायचं तर ८ द्या. होम असिस्टंटला २ ते ४. फोटोंच्या सर्व्हरला ४, आणि चेहरे ओळखण्याचं कामही तोच करणार असेल तर आणखी. जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलला कंटेनरमध्ये ५१२ एमबी पुरतात. वर मालकासाठी २ जीबी राखून ठेवा.

बेरीज १६ च्या आत आली तर १६ जीबीचं मशीन चालेल. माझी १८ झाली, म्हणून मी ३२ घातली. प्रोसेसर सगळ्यांना आळीपाळीनं वापरता येतो, त्याची चणचण घरात सहसा भासत नाही. रॅमचं तसं नाही, ती एकाला दिली की बहुतेक त्याचीच झाली. खर्चाला हात आखडायचा असेल तर प्रोसेसरवर आखडा, रॅमवर नको.

मशीन

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. त्यामुळे ऑफिसांतून निघालेली सहाव्या-सातव्या पिढीची चांगली मशीन जुन्या बाजारात मिळतात. डेलचं ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचं थिंकसेंटर टायनी, एचपीचं एलिटडेस्क मिनी, यांतलं कोणतंही घ्या. डब्याएवढं असतं आणि आवाज करत नाही.

विजेचा हिशेब जरूर करा, कारण हे मशीन रात्रंदिवस चालणार आहे. सरासरी १५ वॅट खाणारं छोटं मशीन महिन्याला साधारण ११ युनिट घेतं. ६० वॅट खाणारा जुना टॉवर ४३ युनिट. फुकट मिळालेला टॉवर वर्षभरात फुकट राहत नाही, शिवाय त्या जास्तीच्या युनिटांनी घराचं बिल वरच्या टप्प्यात गेलं तर दरही वाढतो.

विकत घेण्याआधी दुकानातच तीन गोष्टी बघा. विंडोज चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात सीपीयू उघडा, तिथं व्हर्च्युअलायझेशनपुढे 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे. 'डिसेबल्ड' दिसलं तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम चालू करून बघा. दुसरं, लॅनचं पोर्ट हवंच. वायफायवरून व्हीएमना राउटरकडून थेट स्वतःचा पत्ता मिळवून देणं नेहमीच्या ब्रिजनं, म्हणजे व्हीएमना घरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी पुलानं, जमत नाही, आणि नवशिके इथंच दोन-दोन दिवस अडकतात. तिसरं, डिस्क एसएसडी असावी. फिरत्या हार्ड डिस्कवर तीन-चार व्हीएम एकदम सुरू झाली की सगळीच रांगतात.

मशीन यार्डातल्या दुकानात ठेवणार असाल तर हळदीची धूळ ध्यानात घ्या. ती इतकी बारीक असते की पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता फेकणाऱ्या पट्ट्यांवर पिवळा थर धरते. मशीन घरी ठेवा आणि दुकानातून ते लांबून वापरा. भावाची टॅली आमच्याकडे आली ती याच कारणानं.

आता उमेदवार

प्रॉक्समॉक्स व्हीई. व्हिएन्नाच्या कंपनीची ही सिस्टीम २००८ पासून आहे. पाया डेबियन लिनक्सचा, व्हीएमसाठी केव्हीएम हा लिनक्सचाच हायपरव्हायजर, कंटेनरसाठी एलएक्ससी. सध्याची ९ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ वर आली. वापर मोफत, सोर्स कोड खुला. पैसे भरायचे ते कंपनीच्या मदतीसाठी आणि जास्त तपासून दिलेल्या अपडेटसाठी. पैसे भरले नाहीत तर लॉगिन करताना सबस्क्रिप्शन नसल्याचा एक निरोप दिसतो. 'ओके' म्हणा आणि पुढे जा, कोणतंही काम अडत नाही.

मी हीच वापरतो आणि नव्या माणसाला हीच सुचवतो. कारण सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरं हिच्यात तयार मिळतात. कोणतं व्हीएम आपोआप सुरू करायचं, कोणत्या क्रमानं, मध्ये किती सेकंद थांबून, हे पडद्यावर आकडे भरून ठरतं. ठरलेल्या वेळी बॅकअपही तसाच. बॅकअपची फाइल दुसऱ्या प्रॉक्समॉक्सवर नेली की व्हीएम तिथं जसंच्या तसं उभं राहतं. डिस्क मेली तर नवी डिस्क घालायची, सिस्टीम टाकायची, बॅकअप परत भरायचे. मी हे एकदा केलं आहे, सकाळी बसलो तो दुपारच्या जेवणापर्यंत टॅली चालू होती.

साधं डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्यामुळे कोणतंही लिनक्स मालक होऊ शकतं. वर व्हीएम सांभाळणारं लिबव्हर्ट आणि ब्राउझरमधून चालवायला कॉकपिट टाकलं की झालं. ज्याला पुढे याच क्षेत्रात नोकरी करायची आहे त्यानं हा रस्ता घ्यावा, कारण नेटवर्कचा ब्रिज स्वतः बांधला की तो नेमका काय करतो ते कळतं. पण बॅकअपची व्यवस्था तुम्हालाच बसवावी लागेल, आणि लोक ती 'पुढच्या आठवड्यात' बसवतात. उबुंटूची २४.०४ घेतलीत तर २०२९ पर्यंत अपडेट मिळतात.

हायपर-व्ही. घरात एकच मशीन आहे, त्यावर विंडोज ११ प्रो आहे, आणि रोजचं कामही त्याच्यावरच होतं? मग नवीन काही टाकू नका. हायपर-व्ही त्यात आहेच, फक्त चालू करायचं. होम आवृत्तीत ते मिळत नाही. मोठी अडचण एकच: यूएसबीत खोचलेलं उपकरण आतल्या व्हीएमला सरळ देता येत नाही. सेन्सरांशी बिनतारी बोलणारी झिगबीची काडी लावायची असेल तर इथंच गाडं अडतं. शिवाय विंडोजचे अपडेट आले की मालकच रीस्टार्ट होतो आणि त्याच्याबरोबर सगळी बिऱ्हाडं.

व्हीएमवेअर ईएसएक्सआय. कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं हेच चाललं, त्यामुळे जुन्या लेखांत याचीच शिफारस दिसेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली. जी गोष्ट एका निर्णयानं जाते आणि दुसऱ्यानं येते तिच्यावर घरचा हिशेब टाकायला माझं मन धजत नाही. त्यात स्वस्त मशीनवर सर्रास असणारं रिअलटेकचं नेटवर्क कार्ड ते आपणहून ओळखत नाही, आणि मोफत आवृत्तीत बॅकअपच्या सॉफ्टवेअरला लागणारी वाट बंद असते. नोकरीसाठी शिकायचं असेल तर प्रॉक्समॉक्सच्या आत एका व्हीएममध्ये टाकून शिका.

एक्ससीपी-एनजी २०१८ पासून आहे, झेन या हायपरव्हायजरवर उभी आहे आणि भक्कम आहे. पूर्ण व्यवस्थापनासाठी झेन ऑर्केस्ट्रा वेगळं चालवावं लागतं, पहिल्या सर्व्हरला तेवढा पसारा नको. ट्रूनॅस घ्या, पण मुख्य काम फायली साठवण्याचं असेल आणि व्हीएम एखादंच असेल तेव्हा. अनरेड विकत घ्यावं लागतं. वेगवेगळ्या आकाराच्या जुन्या डिस्क घरात पडल्या असतील तर त्या एकत्र वापरायला ते चांगलं. व्हर्च्युअलबॉक्स शिकायला उत्तम, पण ते टेबलावरच्या पीसीसाठी आहे.

टाकायची कशी

इथून पुढे प्रॉक्समॉक्स धरून सांगतो.

अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण प्रत) उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्हवर लिहा. बलेना एचर वापरलं तर काही विचारत नाही. रूफस वापरलं तर ते ग्रबची नवी आवृत्ती उतरवू का म्हणून विचारतं, तिथं 'नो' म्हणा आणि नंतर डीडी पद्धत निवडा. नाहीतर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरूच होत नाही. सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ-१२, एचपीवर एफ-९ दाबलं की कशावरून बूट करायचं ते विचारतं.

निवडलेली डिस्क इन्स्टॉलर पूर्ण पुसतो. जुन्या पीसीत कुणाच्या लग्नाचे फोटो नाहीत ना, घरात विचारून खात्री करा.

मग फाइल सिस्टीम. एकच डिस्क असेल तर समोर आलेली ईएक्सटी-४ तशीच राहू द्या. सारख्या आकाराच्या दोन एसएसडी असतील तर झेडएफएसचा मिरर करा: एक मेली तरी काम थांबत नाही, आणि फायलीत नकळत झालेली बिघाडीही ती ओळखून दुरुस्त करते. झेडएफएस थोडी रॅम स्वतःसाठी घेते, तेवढी कागदावरच्या बेरजेत मिळवा.

पुढे आयपी पत्ता. हा पत्ता कायमचा राहणार, म्हणून राउटर इतरांना जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा द्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर १९२.१६८.१.५० चालेल. पासवर्ड लांब ठेवा आणि वहीत लिहून कपाटात ठेवा.

इन्स्टॉल झालं की मॉनिटर-कीबोर्ड काढून टाकला तरी चालतो. दुसऱ्या पीसीच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून तो आयपी आणि पुढे कोलन देऊन ८००६ टाका. सर्टिफिकेटबद्दल इशारा येईल, आपलंच मशीन आहे म्हणून पुढे जा. नाव 'रूट', पासवर्ड आत्ता दिलेला. पहिलं काम म्हणजे अपडेटच्या रिपॉझिटरीत, म्हणजे अपडेट कुठून घ्यायचे त्या यादीत जाऊन दोन एंटरप्राइझ नोंदी बंद करा आणि 'नो-सबस्क्रिप्शन' ही नोंद जोडा. हे केलं नाही तर अपडेट दर वेळी चूक दाखवून थांबतात.

पहिलं व्हीएम डेबियनचं करा, २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क देऊन. ते मोडा, पुसा, परत करा. हात बसल्यावरच विंडोजकडे वळा. विंडोजला व्हर्ट-आयओ, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेली वेगवान आभासी डिस्क दिली तर त्याचा इन्स्टॉलर 'डिस्कच सापडत नाही' म्हणतो. घाबरू नका, व्हर्ट-आयओच्या ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडीसारखी जोडा आणि ड्रायव्हर तिथून दाखवा. विंडोज ११ साठी व्हीएम करतानाच टीपीएम (त्याला लागणारी सुरक्षेची चिप, इथं आभासी) जोडा. विंडोजचं लायसन्स व्हीएमलाही लागतं. टॅली हलवताना जुन्या पीसीवर लायसन्स आधी सरेंडर करा, मग नव्या जागी चालू करा.

डिस्क वाटताना एक काळजी घ्या. प्रॉक्समॉक्स ५०० जीबीच्या एसएसडीवर ८०० जीबीही वाटू देतं, कारण जागा खरी भरेपर्यंत ती घेतली जात नाही. पण एक दिवस ती भरते, आणि तेव्हा त्या डिस्कवरची सगळी व्हीएम अडकतात. असेल तेवढंच वाटा.

वीज

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षणभर झटका बसतो त्यात पीसी बंद पडू शकतो. माझा सल्ला, इन्व्हर्टर असला तरी सर्व्हरला स्वतःचा लहान यूपीएस लावा, यूएसबी केबल असलेला. फायबरचा डबा आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.

ती केबल सर्व्हरला जोडून प्रॉक्समॉक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स हे पॅकेज टाका. बॅटरी संपत आली की यूपीएस सर्व्हरला कळवतो, सर्व्हर एकेक व्हीएम नीट बंद करतो आणि शेवटी स्वतः बंद होतो. प्रत्येक व्हीएममध्ये गेस्ट एजंट, म्हणजे मालकाचे निरोप ऐकणारा छोटा प्रोग्राम, टाकलेला असला तर हे बंद होणं जास्त भरवशाचं होतं. मग बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग 'पॉवर ऑन' करा. डेलमध्ये तिला 'एसी रिकव्हरी' म्हणतात.

एवढं केल्यावर मी निर्धास्त झालो होतो, आणि तिथंच फसलो. एका रविवारी लाइट बराच वेळ गेली. सर्व्हर शिस्तीत बंद झाला. पण यूपीएसच्या बॅटरीत थोडा जीव उरला होता, आणि तेवढ्यात लाइट आली. मशीनच्या बाजूनं पाहिलं तर त्याची वीज कधी गेलीच नव्हती. त्यामुळे 'वीज परत आली' हा क्षण त्याच्यासाठी आलाच नाही आणि ते तसंच बंद राहिलं. आम्ही तेव्हा तासगावला होतो. सोमवारी सकाळी भावाचा फोन आला, "दादा, टॅली उघडत नाही रे."

उपाय आहे: सर्व्हर बंद होताना त्यानंच यूपीएसला 'थोड्या वेळानं आउटपुट तोड, आणि लाइट आली की परत दे' असं सांगायचं. नेटवर्क यूपीएस टूल्समध्ये ही सोय आहे, पण तुमच्या यूपीएसला तो हुकूम पाळता आला पाहिजे. म्हणून यूपीएस विकत घेण्याआधीच त्या पॅकेजच्या यादीत मॉडेल शोधा.

बॅकअप, आणि नदी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. मारुती चौकातल्या एका मित्राचा पीसी आणि त्याचा बॅकअप असलेली हार्ड डिस्क तळमजल्यावर एकाच कपाटात होती. त्यानं बॅकअप अगदी नेमानं घेतला होता. दोन्ही एकाच पाण्यात गेली.

म्हणून माझ्याकडे रोज रात्री दोन वाजता यूएसबी डिस्कवर बॅकअप होतो, आणि अशा डिस्क दोन आहेत. तासगावला जाताना एक पिशवीत घालून नेतो आणि तिथली दुसरी घेऊन येतो. मेव्हण्याच्या घरापर्यंत कृष्णा पोचत नाही. स्नॅपशॉटला, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीला, बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो.

बॅकअप घेतला की एकदा परत भरूनही बघा, नव्या क्रमांकाचं व्हीएम म्हणून. सुरू करण्याआधी त्याचं नेटवर्क तोडा, नाहीतर एकाच पत्त्याची दोन मशीन घरात भांडतात.

बाहेरून वापरण्यासाठी राउटरमधलं ८००६ पोर्ट इंटरनेटला उघडू नका, कुणी कितीही सोपं म्हणालं तरी. टेलस्केल टाका, ते तुमच्याच उपकरणांमध्ये खासगी जोडणी बांधतं. घरच्या फायबर जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसला तरी ते चालतं.

शेवटची पायरी

महत्त्वाचा डेटा घालण्याआधी, व्हीएम तयार पण रिकामी असताना, एका सुटीच्या दिवशी यूपीएसची पिन भिंतीतून काढा. मशीनला हात लावू नका. बॅटरी संपत आल्यावर व्हीएम एकामागून एक बंद होतात का ते लॅपटॉपवर बघा. मशीन बंद झालं की लगेच, बॅटरीत जीव असतानाच, पिन परत लावा. मग चहा टाका. दहा मिनिटांनी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून विंडोजचं व्हीएम उघडून बघा. उघडलं तर भावाला टॅलीचा डेटा घेऊन यायला सांगा.